लस आधीं कोणास द्यावी?

(अभ्यासपाठ)

पाठाचा हेतु :— साथीच्या काळांत लस थोडी आणि माणसें पुष्कळ असतां ती कोणत्या क्रमानें द्यावी, त्या क्रमाचीं कारणें कोणतीं, आणि तो क्रम खेड्यांत नीट पाळला जावा म्हणून आपण काय करावें, हें समजून घेणें.

वाचकहो, गांवांत लग्नाची पंगत बसते तेव्हां पहिलें पान कोणाचें यावरून किती रुसवेफुगवे होतात, हें आपणांस सांगावयास नको. पहिलें पान म्हणजे मान आणि शेवटचें पान म्हणजे अपमान, अशी आपली लहानपणापासूनची समजूत असते. हीच समजूत मनांत धरून मनुष्य लसीच्या रांगेकडे पाहूं लागला कीं मोठा घोटाळा होतो. “अमक्यास आधीं आणि मला मागें कां? मी काय त्याहून हलका आहें?” असें तो विचारतो. या पाठांत आपणांस मुख्यतः एकच गोष्ट शिकावयाची आहे. ती ही कीं, लसीचा क्रम हा मानाचा क्रम नसून धोक्याचा क्रम आहे. ज्यास धोका अधिक त्याची पाळी आधीं. ही गोष्ट नीट समजली म्हणजे पुढील पुष्कळ शंका आपोआप फिटतात. आणि ज्या फिटत नाहींत, त्यांचा विचार कसा करावा तेंहि कळतें.

१. हा प्रश्न उद्भवतो कां?

मार्च २०२० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें कोविड ही जगद्व्यापी साथ असल्याचें जाहीर केलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लोकांस लस टोंचण्यास आरंभ झाला. इतक्या थोड्या अवधींत लस तयार होणें ही मोठी गोष्ट होती. परंतु लस शोधून काढणें निराळें आणि ती कोट्यवधि माणसांस पुरेल इतकी तयार करणें निराळें. भारतांत १६ जानेवारी २०२१ रोजीं लसीकरण सुरू झालें. जगांतील सर्वांत मोठ्या लस-कारखान्यांपैकीं एक, सीरम इन्स्टिट्यूट, आपल्या पुण्यासच आहे; तथापि शंभर कोटि मात्रा पुऱ्या होण्यास २१ ऑक्टोबर २०२१ हा दिवस उजाडावा लागला. शिवाय प्रत्येक माणसास दोन मात्रा लागत. अर्थात् त्या नऊ महिन्यांत कोणीतरी आधीं आणि कोणीतरी मागें राहणें अटळ होतें.

मागें राहणें म्हणजे केवळ वेळ जाणें नव्हे. एप्रिल व मे २०२१ मध्यें दुसरी लाट आली, तेव्हां पाळीची वाट पाहतां पाहतां कित्येक माणसें दगावलीं. यास्तव हा प्रश्न जिवाचा आहे, सोयीचा नव्हे.

कोणी म्हणेल, “नियम कशास पाहिजे? जो आधीं येईल त्यास द्यावी.” हें बोलणें वरवर सरळ दिसतें. पण आधीं कोण येतो? ज्याचे पाय धड आहेत, ज्याच्या दारीं वाहन आहे, ज्यास बातमी लवकर कळते, आणि ज्याची एका दिवसाची मजुरी बुडाली तरी चूल बंद पडत नाहीं, तोच आधीं येतो. अंथरुणास खिळलेली म्हातारी येत नाहीं. नियम केला नाहीं तर क्रम राहत नाहीं असें नव्हे; मग तो क्रम बळ, पैसा आणि ओळख हीं ठरवितात, इतकेंच.

२. लस कोणतीं कामें करते?

क्रम ठरविण्यापूर्वीं लसीपासून काय साधावयाचें तें पाहिलें पाहिजे. लसीचीं कामें तीन. पहिलें काम, ज्यास ती टोंचली त्यास मरणापासून व कठीण दुखण्यापासून वांचविणें. दुसरें काम, रोगाचा फैलाव कमी करणें. तिसरें काम, ज्या हातांवर सर्वांचें जीवन अवलंबून असतें ते हात, म्हणजे दवाखान्यांतील परिचारिका, स्मशानांतील कामगार, गटार साफ करणारा, यांचे हात चालू ठेवणें.

हीं तीनहि कामें प्रत्येक लस सारख्याच प्रमाणांत करीत नाहीं. कांहीं लसी मरण चांगलें टाळतात, पण फैलाव तितकासा थांबवीत नाहींत. म्हणून एका साथीचा क्रम दुसऱ्या साथीस जशाचा तसा लागू पडत नाहीं. याचीं तीन उदाहरणें घेऊं.

३. तीन रोग, तीन क्रम

पहिलें उदाहरण देवीचें. भारतांत १९६२ पासून सर्वांस सरसकट देवी टोंचण्याची राष्ट्रीय मोहीम चालली होती. कोट्यवधि लोकांस टोंचलें, तरी रोग हटेना. पुढें १९७३ पासून निराळी रीत जोमानें अवलंबिली गेली. कार्यकर्ते देवीच्या रोग्याचें चित्र हातीं घेऊन घरोघर व बाजारोबाजार हिंडत. रोगी सांपडला कीं त्याच्या घरचे, शेजारचे आणि त्याच्या संसर्गांत आलेले लोक यांस प्रथम टोंचीत, व अशा रीतीनें रोगाभोंवतीं जणूं कुंपण घालीत. देवीचा रोगी अंगावरील पुरळावरून ओळखूं येतो, आणि संसर्गानंतर तीन-चार दिवसांच्या आंत लस दिली तरी ती बहुधा उपयोगी पडते. म्हणून ही रीत यशस्वी झाली. मे १९७५ नंतर भारतांत देवीचा रोगी आढळला नाहीं, आणि १९८० सालीं सर्व जग देवीमुक्त झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. येथें पहिला हक्क कोणाचा होता? रोग्याच्या शेजाऱ्याचा, मग तो जमीनदार असो वा भिकारी असो.

दुसरें उदाहरण २००९ सालच्या इन्फ्लुएंझाचें, ज्यास लोक स्वाइन फ्लू म्हणतात. भारतांतील या रोगाचा पहिला मृत्यु ऑगस्ट २००९ मध्यें पुण्यास झाला. त्या वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं जो क्रम सुचविला, त्यांत आरोग्यसेवक पहिले होते. त्यांच्यानंतर गरोदर स्त्रिया, दीर्घ दुखणेकरी, आणि तरुण माणसें व मुलें हीं येत. निरोगी वृद्धांचें नांव मात्र यादीच्या अगदीं शेवटीं होतें. हा वृद्धांचा अनादर होता काय? मुळींच नाहीं. पुष्कळ वृद्धांच्या शरीरांत पूर्वींच्या तशाच रोगामुळें थोडीबहुत प्रतिकारशक्ति उरली होती. आणि गरोदर स्त्रियांस त्या रोगाचा धोका विशेष होता.

तिसरें उदाहरण कोविडचें. या रोगांत वय वाढत जातें तसा मृत्यूचा धोका झपाट्यानें वाढतो. शिवाय रोगी आजारी दिसण्यापूर्वींच रोग दुसऱ्यास देऊं शकतो, म्हणून देवीप्रमाणें कुंपण घालण्याची रीत येथें पुरी पडेना. तेव्हां जे वृद्ध २००९ मध्यें शेवटीं होते तेच २०२१ मध्यें पुढें आले. माणसें तींच, मान तोच. बदलला तो धोका.

४. भारतांत ठरलेला क्रम

कोविडच्या वेळीं भारत सरकारनें ठरविलेला क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. जानेवारी २०२१ मध्यें प्रथम आरोग्यसेवक घेतले. त्यांत मोठ्या रुग्णालयांतील डॉक्टरांबरोबर गांवची आशा सेविका आणि अंगणवाडी सेविकाहि होती. त्यांच्या पाठोपाठ पोलीस, सैनिक, नगरपालिकांचे सफाई कामगार इत्यादि आघाडीवरचे लोक आले. १ मार्चपासून ६० वर्षांवरील सर्व, आणि ४५ ते ५९ वर्षांपर्यंतचे ठराविक गंभीर दुखणीं असलेले लोक यांची पाळी आली. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांस, आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांस लस खुली झाली.

इतर देशांनीं थोडा निराळा क्रम लाविला. इंग्लंडांत वृद्धाश्रमांतील वृद्ध व त्यांची सेवा करणारे यांस अग्रस्थान दिलें. उलट इंडोनेशियानें आरोग्यसेवकांनंतर प्रथम १८ ते ५९ वयाच्या कामकरी लोकांस घेतलें. कारण हेच लोक बाहेर हिंडून रोग घरीं आणतात असा त्यांचा विचार होता, आणि जी लस त्यांच्या हातीं होती तिच्याविषयीं वृद्धांवरील प्रयोगांची माहिती त्या वेळीं पुरेशी नव्हती. तेव्हां सज्जन व जाणते लोकहि या प्रश्नाचें एकच उत्तर देतात असें नाहीं. पण उत्तर कोणतेंहि असो, त्याचें कारण उघडपणें सांगतां आलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनें सप्टेंबर २०२० मध्यें लसवाटपाचीं जीं सहा तत्त्वें मांडलीं तीं अशीं : मनुष्यमात्राचें कल्याण, सर्वांविषयीं सारखा आदर, राष्ट्राराष्ट्रांमधील न्याय, राष्ट्राच्या आंतील न्याय, इतरांसाठीं धोका पत्करणाऱ्यांची परतफेड, आणि निर्णयाची उघड व योग्य रीत.

५. कांहीं कठीण प्रसंग

(अ) तरुण परिचारिका कीं वृद्ध शेतकरी? एकट्याचा धोका मोजला तर वृद्धाचा अधिक. तरी परिचारिकेस आधीं देतात, याचीं कारणें दोन. ती आजारी पडली तर तिच्या हातांतील वीस रोगी उघडे पडतात. आणि रोग्याजवळ उभी राहा असें आपणच तीस सांगितलें आहे. ज्यास आपण आगींत पाठविलें त्यास ओली घोंगडी प्रथम देणें हें उपकार नव्हे, देणें आहे.

(आ) पहिली मात्रा कीं दुसरी? मे २०२१ मध्यें लसीचा तुटवडा पडला तेव्हां महाराष्ट्र सरकारनें १८ ते ४४ वयाच्या लोकांचें लसीकरण कांहीं काळ थांबवून तो सांठा ४५ वर्षांवरील लोकांच्या दुसऱ्या मात्रेकडे वळविला. त्याच महिन्यांत कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर १२ ते १६ आठवड्यांपर्यंत वाढविलें गेलें, आणि त्यायोगें अधिक लोकांस पहिली मात्रा मिळण्यास वाव झाला. एका निर्णयानें आधीं घेणाऱ्यांचें काम पुरें केलें. दुसऱ्यानें न घेतलेल्यांस वाट करून दिली. दोहोंतहि कोणीतरी थांबलाच.

(इ) पैसे देणाऱ्यास आधीं द्यावी काय? १ मे २०२१ पासून लसीच्या सांठ्याचा चौथा हिस्सा खासगी रुग्णालयांकडे, चौथा हिस्सा राज्यांकडे आणि अर्धा केंद्राकडे, अशी वांटणी ठरली. तरुणांस केंद्राकडून फुकट लस नव्हती. या धोरणाविषयीं सर्वोच्च न्यायालयानें ३१ मे २०२१ च्या आदेशांत, तें सकृद्दर्शनीं मनमानीचें व तर्काला सोडून आहे असें मत दिलें. २१ जूनपासून केंद्र सरकारनें तीन चतुर्थांश सांठा स्वतः विकत घेऊन १८ वर्षांवरील सर्वांस फुकट देण्यास आरंभ केला. खासगी रुग्णालयांत मात्र कोविशील्डच्या एका मात्रेस ७८० रुपयांपर्यंत द्यावे लागत. शेतमजुराच्या घरीं प्रौढ माणसें चार आणि मात्रा आठ, असा हिशोब मांडून पाहावा. म्हणजे विकतची लस कोणापर्यंत पोंचते तें कळेल.

(ई) अपराध्यास द्यावी काय? तुरुंगांत माणसें दाटीनें राहतात. तेथें रोग शिरला कीं वणव्यासारखा पसरतो. म्हणून धोक्याच्या नियमानें कैद्यासहि पाळी मिळालीच पाहिजे. त्यास झालेली शिक्षा कैदेची आहे, रोगानें मरण्याची नव्हे. येथें एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८९७ च्या जानेवारींत मुंबईंत प्लेगाचा कहर असतां डॉक्टर हाफकिन यांनीं आपण तयार केलेली लस १० तारखेस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां जे कैदी तयार झाले त्यांस ती टोंचण्यांत आली. तेथें कैदी आधीं आले खरे, पण तें लस अजून पारखावयाची होती तेव्हां. ज्यास परीक्षेच्या वेळीं पुढें बोलाविलें, त्यास लाभाच्या वेळीं मागें सारूं नये.

(उ) परक्या देशास द्यावी काय? १८ जानेवारी २०२१ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीं सांगितलें कीं, ४९ श्रीमंत देशांत ३ कोटि ९० लाख मात्रा दिल्या गेल्या असतां अतिशय गरीब देशांपैकीं एका देशांत अवघ्या २५ मात्रा दिल्या गेल्या होत्या. २५ लाख नव्हेत, २५ हजार नव्हेत, २५. पुढें २४ फेब्रुवारीस गरीब देशांसाठीं स्थापलेल्या कोव्हॅक्स योजनेची पहिली खेप, ६ लाख मात्रा, आफ्रिकेंतील घाना देशास पोंचली. ती लस पुण्यास तयार झालेली होती. परंतु भारतांत दुसरी लाट उसळतांच येथून बाहेर जाणारी लस थांबली, आणि कोव्हॅक्सकडे ती पुन्हां नोव्हेंबर २०२१ मध्यें जाऊं लागली. आपल्या घरीं प्रेतें पडत असतां घरच्यांकडे पाहणें स्वाभाविक आहे, तसें त्यांनीं केलें. पण घानांतील परिचारिकाहि त्या अवधींत रोग्यांच्या उशाशीं उभीच होती, हेंहि विसरूं नये.

६. कागदावरील क्रम आणि खेड्यांतील क्रम

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. क्रम कितीहि न्यायाचा असला तरी तो कागदावरून गांवांत उतरतांना बिघडूं शकतो. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांस आधीं संगणकावर किंवा मोबाइलवर नांव नोंदविणें सक्तीचें होतें. ज्याच्याजवळ असा फोन नाहीं, ज्यास वाचतां येत नाहीं, ज्याच्या वाडीवर फोनचा संदेशच पोंचत नाहीं, त्याची पाळी कागदावर आली तरी प्रत्यक्षांत येत नसे. कोठें कोठें शहरांतील माणसें फोनवर खेड्यांतील केंद्रांची वेळ राखून मोटारींतून तेथें येत, आणि त्या गांवचा मनुष्य दारांतच उभा राही.

सरकारनेंहि हें पुढें ओळखलें. ६ मे २०२१ रोजीं ओळखपत्र नसलेल्या लोकांसाठीं, म्हणजे भटके, साधु, भिकारी, कैदी, वृद्धाश्रमांतील व मनोरुग्णालयांतील माणसें यांच्यासाठीं, निराळी रीत घालून देण्यांत आली. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागच्याजागीं नोंदणीची मोकळीक झाली. मेच्या अखेरीस वृद्ध व अपंग यांच्यासाठीं घराजवळ केंद्रें उघडण्याची सूचना निघाली. आणि नोव्हेंबर २०२१ मध्यें घरोघर जाऊन लस देण्याची मोहीम सुरू झाली. या सर्व सुधारणांचा अर्थ एकच : नियमानें दार उघडलें तरी ज्यास दारापर्यंत येतां येत नाहीं त्यास कोणीतरी आणलें पाहिजे, किंवा त्याच्याकडे गेलें पाहिजे.

७. आपलें काम

हें “कोणीतरी” म्हणजे कोण? खेड्यांत उपदेशक, शाळामास्तर, सरपंच, आशा सेविका, अशा चार जाणत्या माणसांवर ही गोष्ट येऊन पडते. पुढें केव्हांहि साथ आली तर त्यांनीं पुढील गोष्टी कराव्या.

पहिली : साथ येण्यापूर्वींच गांवांतील वृद्ध, एकटे, अंथरुणास खिळलेले, दीर्घ दुखणेकरी, गरोदर स्त्रिया, आणि वस्तीबाहेर पालें ठोकून राहणारे यांची यादी करून ठेवावी. रांगेंत जे दिसत नाहींत त्यांचीं नांवें या यादींत आधीं यावीं.

दुसरी : स्वतःची पाळी येईपर्यंत स्वतः थांबावें. गांवचा मोठा मनुष्य ओळखीनें एक मात्रा आधीं घेतो, तेव्हां एका दुबळ्याची मात्रा जाते, आणि त्याबरोबर नियमावरचा सर्व गांवाचा विश्वासहि जातो. मात्र पाळी आल्यावर त्यानें चारचौघांसमक्ष टोंचून घ्यावें, म्हणजे भितऱ्यांस धीर येतो.

तिसरी : नियमाचें सोंवळें माजवूं नये. कोविशील्डच्या एका कुपींत दहा मात्रा असत, आणि कुपी उघडल्यावर चार तासांच्या आंत ती संपवावी लागे. सायंकाळीं दोन मात्रा उरल्या आणि यादींतील कोणी आलें नाहीं, तर पुढच्या पाळीच्या माणसास बोलावून त्या द्याव्या. उरलेली लस फेंकून दिल्यानें कोणाचाच धोका टळत नाहीं. पण अशा वेळीं कोणास बोलवावयाचें तें सकाळींच ठरवून ठेवावें, नाहींतर उरलेल्या मात्रा रोज ओळखीच्याच घरीं जातील.

चौथी : ज्याची पाळी आली पण जो भितो, त्याची थट्टा करूं नये. त्याची शंका ऐकून घ्यावी आणि लस त्यास सोसेल कीं नाहीं हें प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांस विचारावें. त्याची पाळी चुकली म्हणून ती कायमची गेली असें समजूं नये.

पांचवी : ज्यास थांबावें लागलें त्यास कारण सांगावें. “थांब” एवढेंच म्हटलें तर त्यास अपमान वाटतो. “तुझ्या आजीस धोका अधिक आहे, तिच्यानंतर तुझी पाळी” असें म्हटलें तर तोच मुलगा आजीस पाठुंगळीस घेऊन केंद्रावर येतो.

चर्चेसाठीं प्रश्न

१. “आधीं येईल त्यास आधीं” या नियमानें आपल्या गांवांत कोण कोण मागें राहील? नांवें घेऊन सांगा.

२. २००९ मध्यें निरोगी वृद्ध शेवटीं आणि २०२१ मध्यें आधीं, असें कां झालें?

३. दोन माणसांचा धोका अगदीं सारखा आहे आणि मात्रा एकच आहे. चिठ्ठ्या टाकणें न्यायाचें होईल काय? कां?

४. आपल्या गांवांतील ज्या तीन माणसांजवळ फोन किंवा ओळखपत्र नाहीं, त्यांस केंद्रावर कोण नेईल? हें आजच ठरवून लिहून ठेवा.